शाहूपुरी इलेव्हनचा गोलकीपर

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
२९ सप्टेंबर २००२

ती. श्रीरंगकाका,
जय भीम.

कानाला मशीन लावूनही तुम्हाला फोनवरचं धड ऐकू येत नाही, आणि ईमेल तुम्ही उघडत नाही. म्हणून हे पत्र. घरी मीरा म्हणते, काकांच्या निमित्ताने तुझं अक्षर तरी सुधारेल.

बातमी चांगली नाही. चार मॅचेस झाल्या. तीन हरलो, एक ड्रॉ. तुम्ही मुलीकडे कॅरीला गेलात तेव्हा आपल्याकडे बावीस खेळाडू होते, आता चौदा उरलेत. ले-ऑफ झाला की माणूस दोन आठवड्यांत अपार्टमेंट रिकामं करून निघतो. शंतनू तर बूट माझ्या गाडीत विसरून पुण्याला गेला. बारा टीम्समध्ये आपण अकरावे आहोत आणि लीगने यंदा नियम काढलाय की शेवटची येईल ती टीम बाहेर. वेटिंग लिस्टवर पाच टीम्स उभ्या आहेत. बाहेर पडलो तर मैदान जाईल, आणि मैदान गेलं की तुम्ही चौदा वर्षांपूर्वी काढलेला क्लब संपला.

अजून आपण शेवटचे नाही, ते एकट्या बेहरूजमुळे. तो तुमच्यानंतर आला, म्हणून ओळख करून देतो. इराणी आहे, चिप डिझाइनमध्ये काम करतो, माझ्यासारखाच वर्क व्हिसावर. लायब्ररीच्या बोर्डावर आपल्या क्लबची चिठ्ठी होती. 'शाहूपुरी'चं स्पेलिंग त्याने 'शापूरी' असं इराणी आडनावासारखं वाचलं आणि त्याला वाटलं ही इराण्यांची टीम! पहिल्या दिवशी येऊन सगळ्यांशी फारसीत बोलायला लागला. मी सांगितलं, बाबा, हे कोल्हापुरातल्या एका भागाचं नाव आहे, आमचे काका तिथले. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम. गोलकीपर आहे का तुमच्याकडे?" नव्हता.

गेल्या रविवारी समोरच्या टीममधला एक जण त्याला दाढीवरून घाणेरडं काहीतरी बोलला. रेफरीने ऐकलं नाही असं दाखवलं. बेहरूजने हातमोजे तेवढे घट्ट केले आणि पुढच्या दहा मिनिटांत दोन हमखास गोल अडवले.

माझं काम ठीक चाललंय. तब्येत कळवा. आणि टीमचं काय करू, ते सांगा.

तुमचा,
देवानंद


कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
७ ऑक्टोबर २००२

चि. देवानंद,
जय भीम आणि आशीर्वाद.

काय करू असं कॅप्टनने विचारायचं नसतं. पण विचारलंस तर सांगतो. चौदा माणसं आणि त्यात चार फॉरवर्ड कशाला? पाच जण मागे ठेव. बॉल आला की बाहेर मार, लाज बाळगू नकोस. कोल्हापुरात आमच्या तालमीच्या टीमने एक अख्खा मोसम बरोबऱ्यांवर काढला होता. लोक आम्हाला 'शून्य-शून्य तालीम' म्हणायचे. म्हणेनात का. टिकलो की नाही?

तुझ्या गोलकीपरला माझा नमस्कार सांग. कोण काय बोललं त्यावर जो हातमोजे घट्ट करतो, तो माणूस सांभाळून ठेव.

बायपासनंतर मला पळायची बंदी आहे. लेक कादंबरी रोज सकाळी तळ्याभोवती चालायला नेते. जवळच्या शाळेत मुलींच्या मॅचेस असतात, तिथे मी कुंपणाबाहेरून ओरडत असतो. परवा एका आईने मला गप्प बसायला सांगितलं.

'काम ठीक चाललंय' हे तू फार घाईत लिहिलेलं दिसतंय. सगळीकडे माणसं काढताहेत, असं कादंबरी सांगत होती. असो.

तुझा,
श्रीरंगकाका


सनीव्हेल
१७ नोव्हेंबर २००२

ती. काका,
जय भीम.

पाच जण मागे ठेवले आणि जमलं. तीन ड्रॉ, दोन विजय. आता आपण नववे! हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाहीये.

आज प्रॅक्टिसनंतर बेहरूजने मला एक छापील कागद दाखवला. इराण आणि आणखी चार देशांचे सोळा वर्षांवरचे पुरुष, जे व्हिसावर इथे आहेत, त्यांनी सोळा डिसेंबरच्या आत इमिग्रेशन ऑफिसात हजर व्हायचं. बोटांचे ठसे, फोटो, शपथेवर प्रश्न. गेलं नाही तर गुन्हा. तो कायद्याने वागणारा माणूस आहे, पण उन्हाळ्यात त्याने कंपनी बदलली आणि नव्या कंपनीचे कागद अजून मंजूर होऊन आलेले नाहीत. कागद अडकलेले असताना काम करायची परवानगी असते. तरी त्याचे इराणी मित्र म्हणतात, जाऊ नकोस, आत गेलास तर बाहेर येशील याची खात्री नाही.

बुटाची नाडी सोडता सोडता त्याने विचारलं, "कॅप्टन, जाऊ की नको?"

मी म्हटलं, आमचे एक काका आहेत, तीस वर्षं इथे काढलेत, त्यांना विचारतो. तो हसला. "आमच्याकडेही असंच करतात," म्हणाला.

संग्राम, आपला सेक्रेटरी, मला बाजूला घेऊन म्हणाला, "यार, त्याला टीमच्या रोस्टरवरून काढ. त्याला काही झालं तर चौकशी आपल्यापर्यंत येईल. लीगच्या फॉर्मवर आपले सगळ्यांचे पत्ते आहेत." मी त्याला झापलं. पण घरी येताना त्याचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं, हेही खरं.

लवकर कळवा.

देवानंद


कॅरी
२३ नोव्हेंबर २००२

चि. देवानंद,

पत्र मिळाल्या दिवशीच लिहितोय.

त्याला जाऊ दे. मी या देशात एकाहत्तर साली आलो. इमिग्रेशनच्या किती रांगांत उभा राहिलो ते मोजलेलं नाही. उद्धट माणसं भेटली, तासन्तास बसवून ठेवलं, पण ज्याचे कागद सरळ त्याला कोणी खाल्लं नाही. लपणाऱ्याला मात्र इथे माफी नाही. आज लपला तर उद्या साधा सिग्नल मोडल्यावर पकडतील आणि मग त्याच्या बाजूने बोलायला तोंड राहणार नाही.

त्याला सांग, काकांनी शब्द दिलाय. स्वच्छ दाढी करून जा, सगळे कागद फाइलमध्ये क्रमाने लाव, विचारतील तेवढंच बोल. तू सोबत जा. एकट्याला पाठवू नकोस.

संग्रामला माझं नाव घेऊन सांग की शाहूपुरी इलेव्हनमधून आजवर कोणालाही पत्त्याच्या भीतीने काढलेलं नाही.

श्रीरंगकाका


सनीव्हेल
१८ डिसेंबर २००२

काका,

बेहरूज आत आहे.

सोमवारी सकाळी आठला मी त्याला घेऊन गेलो. त्याने दाढी केली होती. दाढीशिवाय तो एकदम कॉलेजातला वाटत होता. फाइलला त्याने रंगीत खुणा लावल्या होत्या, तुमच्या सांगण्याप्रमाणे. रांग बिल्डिंगला वळसा घालून गेली होती. अकराला त्याचं नाव पुकारलं. मी बाहेर बाकावर बसलो. एक वाजला, तीन वाजले. समोर एक इराणी बाई तिच्या वडिलांचं पाकीट आणि चष्म्याचं घर हातात धरून बसली होती. पाचच्या सुमाराला एक ऑफिसर बाहेर आला. त्याने बेहरूजच्या गाडीच्या किल्ल्या, पट्टा आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. "ही इज बीइंग हेल्ड," एवढंच म्हणाला. मी विचारलं, का? तर म्हणे नवे कागद मंजूर नाहीत, म्हणजे स्टेटस नाही, इथे राहण्याचा कायदेशीर हक्क नाही.

त्याला दीड तासावरच्या तुरुंगात ठेवलंय. काल काचेपलीकडून भेटलो. पायात रबरी चपला, अंगात नारिंगी कपडे. मला बघून त्याने पहिला प्रश्न केला, "रविवारी गोलमध्ये कोण?"

त्याच्या वकीलबाईंनी सांगितलं की नऊ जानेवारीला जामिनाची सुनावणी आहे. जजला एकच गोष्ट पटवायची, की हा माणूस पळून जाणार नाही. त्यासाठी त्याला जवळून ओळखणाऱ्यांची सहीची पत्रं हवीत, शक्य झाल्यास प्रत्यक्ष साक्ष. त्याच्या कंपनीने हात वर केले. मी काल सगळ्या टीमला बोलावलं, कागद टेबलावर ठेवला. तेरा माणसं. संग्राम म्हणाला, "आपण सगळे व्हिसावर आहोत. सही म्हणजे आपलं नाव त्यांच्या फाइलमध्ये." एकेक जण मुलांची, जेवणाची कारणं सांगून उठला. कागद कोराच राहिला.

काका, तो तुमच्या शब्दावर गेला होता. कागद सरळ असले की कोणी खात नाही, असं लिहिलं होतं तुम्ही. मी ते पत्र त्याला इंग्रजीत करून वाचून दाखवलं होतं. त्याने ते दोनदा वाचायला लावलं.

देवानंद


सनीव्हेल
२३ डिसेंबर २००२

आदरणीय काका,
जय भीम.

मी मीरा. देवानंदला न सांगता लिहितेय.

त्याचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. टाकायच्या आधी मी ते वाचलं. त्यात दोन गोष्टी नाहीत.

एक. अकरा ऑक्टोबरला त्याची नोकरी गेली. त्याच्या डिपार्टमेंटमधल्या तीस जणांची एकाच सकाळी गेली. तेव्हापासून रोज साडेआठला तो इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो, शेजारच्या नीलावहिनींना कळू नये म्हणून. एका छोट्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केलाय, तो मंजूर होईपर्यंत आम्ही इथे कशाच्या आधारावर आहोत, हे कोणी स्पष्ट सांगत नाही. मला तर या व्हिसावर नोकरी करायची परवानगीच नाही.

दोन. त्या कोऱ्या कागदावर त्याचीही सही नाही. 'तेरा माणसं' असं त्याने लिहिलंय, त्यातला एक तो स्वतः आहे. आणि सही करू नकोस असं मीच सांगितलं. मी म्हटलं, सरकारी वकिलाने तुझं स्टेटस विचारलं तर काय सांगशील? एकाला सोडवायला जाशील आणि आपण दोघं अडकू. त्याने कागद दुमडून ड्रॉवरमध्ये ठेवला.

काल तो स्वतः गोलमध्ये उभा राहिला. सहा गोल खाल्ले. मी कडेला उभी होते. प्रत्येक गोलनंतर तो जाळीतला बॉल स्वतः काढायचा आणि तसाच हातात धरून थोडा वेळ उभा राहायचा. घरी आल्यावर म्हणाला, "बेहरूजला स्कोअर सांगू नकोस."

मी चुकले असं मला अजूनही म्हणवत नाही. पण तो माझ्याशी नीट बोलत नाही, आणि स्वतःशीही बोलत नाही. तुमचं तो ऐकतो. काय करायचं ते त्याला तुम्ही सांगा.

तुमची,
मीरा


कॅरी
२८ डिसेंबर २००२

चि. देवानंद आणि चि. मीरा,

हे पत्र दोघांनी एकत्र वाचा. मीरा, तू मला गुपचूप लिहिलंस, पण घरात आणखी एक लपवलेली गोष्ट नको. देवानंद, तिच्यावर रागावू नकोस. जे तुला लिहायची हिंमत झाली नाही ते तिने लिहिलं.

आता माझं.

त्याला जाऊ दे असं मी सांगितलं, ते चुकलं. मी ते कादंबरीच्या सोफ्यावर बसून लिहिलं, नागरिकत्वाचा कागद कपाटात सुरक्षित ठेवून. माझ्या रांगा आणि त्याची रांग एकच आहे असं धरून चाललो. शब्द माझा, आणि त्याच्यावर चालत गेला दुसराच.

तुझ्या नोकरीचं काही ठीक नाही, हा संशय मला ऑक्टोबरमध्येच आला होता. 'असो' लिहून मी पुढे गेलो. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, आणि म्हातारपणी मला फक्त फुटबॉलच्या गप्पा हव्या होत्या.

सोबत नोटरीचा शिक्का मारलेलं माझं निवेदन आहे. हा क्लब मी स्थापन केला, बेहरूज त्याचा सभासद आहे, त्याच्या वागणुकीची हमी मी घेतो. विमानाने यायला डॉक्टरने साफ नाही म्हटलंय. पण मी त्याला डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही, हे कोणीही वकील दोन मिनिटांत काढून घेईल. त्याला पाहिलेलं तुम्ही तेरा जणांनी.

मीरा, तू म्हणतेस त्याला सांगा. नाही सांगणार. या बाबतीत मी एकदा सांगून बसलोय. तुमची भीती खोटी नाही आणि सही न केलेल्या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही. ठरवायचं ते तुम्ही दोघांनी.

श्रीरंगकाका


सनीव्हेल
१३ जानेवारी २००३

ती. काका,
जय भीम.

तुमचं पत्र मीराने मोठ्याने वाचलं. मग ती उठली, ड्रॉवरमधला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "मी नको म्हटलं म्हणून थांबला असशील, तर आता थांबू नकोस. स्वतःच्या भीतीने थांबला असशील, तर तसं मला सांग."

मी सांगितलं, स्वतःच्याच भीतीने. ती म्हणाली, "मलाही वाटतेय भीती. कर सही."

नऊ तारखेला मी साक्ष द्यायला उभा राहिलो. ती मागच्या बाकावर बसली होती. टीममधलं दुसरं कोणी नव्हतं. बेहरूजला बेड्या घालून आणलं, बसल्यावर काढल्या. सरकारी वकिलाने पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, "आणि मिस्टर रामटेके, तुमचं स्वतःचं स्टेटस काय?"

मी सांगितलं, "अकरा ऑक्टोबरला माझी नोकरी गेली. नव्या कंपनीचा अर्ज पेंडिंग आहे." त्याने ते लिहून घेतलं. जज वयस्कर बाई होत्या. त्या म्हणाल्या, "यांची केस माझ्यापुढे नाही. पुढे चला." मग मला विचारलं, "तुम्ही या माणसाला कसं ओळखता?"

मी म्हटलं, तो आमचा गोलकीपर आहे. "बस, एवढंच?" त्या म्हणाल्या. तेव्हा मला जे आठवलं ते सांगत गेलो. येतो म्हणाला आणि आला नाही, असा एकही रविवार झाला नाही. एकदा पावसामुळे मैदान बंद होतं, सगळ्यांना निरोप गेला, त्याला द्यायचा राहिला. मी दोन तासांनी सहज तिकडून गेलो तर हा किट घालून, भिजत, गोलपोस्टपाशी उभा. मी म्हटलं, अरे घरी का नाही गेलास? तर म्हणाला, "दहा वाजता म्हणाला होतास ना तू?"

जजबाईंनी चष्मा काढला. सरकारी वकील हरकत घ्यायला उठत होता, त्याला हातानेच बसवलं. जामीन मंजूर झाला. अट एकच: वीस मार्चला पुन्हा त्याच ऑफिसात हजर व्हायचं.

शुक्रवारी तो सुटला. काल शेवटची मॅच होती. डिसेंबरपासून आपण हरतच होतो, त्यामुळे पुन्हा अकरावे. ड्रॉ झाला असता तरी टिकलो असतो. मी त्याला म्हटलं, तू आराम कर, मी उभा राहतो. त्याने माझ्या हातातून हातमोजे काढून घेतले.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एक-एक होतं. मग कॉर्नर आला. बेहरूज बॉलसाठी पुढे निघाला. नेहमी तो असा बॉल झोपेतही धरतो. पण पंचवीस दिवस कोठडीत बसून पायांत ताकद राहिली नव्हती. उडीच बसली नाही. दोन-एक हरलो आणि बारावे, म्हणजे शेवटचे झालो.

तो जमिनीवरच बसून होता. संग्राम धावत गेला. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. त्याने बेहरूजच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि त्याच्या हातमोज्यांवरचा चिखल पुसत राहिला.

काका, आपण लीगमधून बाहेर गेलो. क्लब माझ्या हातून गेला. माफ करा.

देवानंद


कॅरी
२ फेब्रुवारी २००३

चि. देवानंद,

क्लब गेल्याचं मी दोन दिवस कादंबरीला सांगितलं नाही. तिला ते माझ्या चालण्यावरूनच कळलं. तळ्याचा फेरा अर्ध्यावर सोडून परत फिरलो होतो.

माफी मागू नकोस. त्याला गोलमध्ये उभं केलंस ते बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं आणि मीही हरलो असतो. बेहरूजला मी वेगळं पत्र लिहिलंय, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. त्याने माफ करावं असं त्यात लिहिलेलं नाही, चूक माझी होती एवढंच लिहिलंय.

टीव्हीवर रोज इराकचे नकाशे दाखवताहेत. युद्ध होणार असं सगळे धरून चाललेत. तशात त्याची वीस मार्चची तारीख येते. सोबत कोण जाणार? आणि तुझ्या अर्जाचं काय झालं, ते या वेळी खरं खरं लिही.

श्रीरंगकाका


सनीव्हेल
२३ मार्च २००३

ती. काका,
जय भीम.

आधी माझं, खरं खरं. नव्या कंपनीची नोकरी मंजूर झाली, पण इथे राहणं नामंजूर. ऑक्टोबरपासूनचा मधला बिननोकरीचा काळ त्यांनी कायदेशीर धरला नाही. भारतात जाऊन पासपोर्टवर नवा शिक्का आणायचा. तो किती दिवसांत मिळेल, मिळेल की नाही, कोणी सांगत नाही. मी त्या दिवशी कोर्टात जे बोललो त्याचा याच्याशी संबंध आहे का, असं मीराने वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नसावा. हा 'नसावा' आता आमच्यासोबत नागपूरला येईल. दोन एप्रिलचं विमान आहे.

आता वीस मार्च. बुधवारी संध्याकाळी बॉम्ब पडायला लागले आणि गुरुवारी सकाळी मी बेहरूजला घ्यायला गेलो. तो आवरून बसला होता. त्याने स्वतःहूनच गाडीच्या किल्ल्या, पट्टा आणि घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "या वेळी आधीच देऊन ठेवतो."

ऑफिसच्या पार्किंगमध्ये संग्रामची गाडी उभी होती. त्याच्यासोबत टीममधले चार जण. उल्हास तर सॅन होजेहून कामावर सुट्टी टाकून आला होता. मी कोणाला बोलावलं नव्हतं. संग्राम माझ्याकडे न बघता म्हणाला, "मीरावहिनींनी तारीख सांगितली." मीराही आमच्या मागून नीलावहिनींची गाडी घेऊन एकटी आलीच होती.

वेटिंग रूममधल्या टीव्हीवर बगदाद जळत होतं. बेहरूजचं नाव पुकारलं तसे आम्ही सगळेच उठून उभे राहिलो. ऑफिसरने विचारलं, "तुम्ही कोण सगळे?"

संग्राम म्हणाला, "आम्ही त्याची टीम."

"कुठल्या लीगमध्ये?"

"कुठल्याच नाही. आम्हाला काढून टाकलंय."

ऑफिसरने आमच्याकडे पाहिलं आणि बेहरूजला आत नेलं. आम्ही बसलो. एक तास झाला, दोन झाले. कोणी पाणी प्यायला उठलं तरी दुसरा त्याच्या जागेवर हात ठेवून बसायचा. उल्हासला ऑफिसातून दोनदा फोन आला, त्याने दोन्ही वेळा कट केला. मी खिशातलं ते घड्याळ मुठीत धरून बसलो होतो.

सव्वाबाराला दार उघडलं आणि तो बाहेर आला. हातात नवा कागद, पुढची तारीख सप्टेंबरची. त्याने आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि मीरापासून सुरुवात करून बोटाने मोजायला लागला.

"सात," तो म्हणाला. "सात खेळाडू असले तरी रेफरी मॅच सुरू करतो."

आणि मग तो रडला काका, तिथेच, सगळ्यांसमोर. संग्राम त्याला धरून बाहेर घेऊन गेला.

सप्टेंबरची तारीख संग्रामने त्याच्या डायरीत लिहून घेतलीय. मी तेव्हा इथे असेन की नागपुरात, माहीत नाही. नागपूरचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहितोय.

तुमचा,
देवानंद